गोपनीय आदेश आणि नागरिक

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथील दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली. मुंबईतील बंदविषयी एकीने प्रश्न उपस्थित केला होता. दुसरीने त्यास केवळ पसंती दर्शविली होती. ज्या कलमांचा आधार घेण्यात आला, त्यांपैकी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. या निकालाचे स्वागत झाले, ते उचितच होते.

परंतु त्याच निकालाने कलम ६९ अ कायम ठेवले, याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. या कलमान्वये केंद्र सरकार इंटरनेटवरील मजकूर रोखू शकते. कारणे लेखी नोंदविण्याचे बंधन आहे व त्यांना आव्हान देता येते, म्हणून न्यायालयाने ते वैध मानले. मात्र २००९ च्या नियमांतील सोळावा नियम तक्रार व कारवाई दोन्ही गोपनीय ठेवण्यास सांगतो. जो आदेश नागरिकाच्या हाती पडत नाही, त्याला त्याने आव्हान द्यावे तरी कसे?

राष्ट्राची सुरक्षितता वा सार्वजनिक सुव्यवस्था ही कारणे क्षुल्लक नव्हेत. घटनेच्या कलम १९ (२) मध्येच ती नमूद आहेत. पण अपवाद हा अपवादच राहावा, यासाठी तो उजेडात असावा लागतो. काश्मीरमधील इंटरनेटबंदीच्या प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध करण्यास सांगितले. तोच दंडक मजकूरबंदीसही लावावा. अंदाजपत्रकातील रुपयाचा हिशेब मागणाऱ्या लोकशाहीने पुसलेल्या शब्दाचाही हिशेब मागितला पाहिजे.