धंदा हातात आहे, हिशोब वहीत कधी येणार?

पालीसारख्या गावात आपला नववीतला मुलगा सुट्टीत मामूच्या हातगाडीवर फळं तोलतो, नाहीतर चाचाच्या वेल्डिंगच्या दुकानात बसतो. धंद्याची ओळख त्याला घरातूनच होते. सच्चर समितीने 2006 मध्येच नोंदवलं की मुस्लिम कामगारांपैकी सुमारे 61 टक्के स्वयंरोजगारात आहेत. पण बँकेच्या कर्जातला आपला वाटा लोकसंख्येच्या मानाने फार कमी, हेही त्याच अहवालात आहे. म्हणजे हुनर आहे; कमी पडतो तो हिशोब, कागद आणि भांडवल.

हे शाळेत शिकवता येतं. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं हाताने काम करत शिकली. दिल्ली सरकारने 2019 मध्ये नववी ते बारावीसाठी उद्योजकतेचा अभ्यासक्रम आणला आणि पुढे अकरावी-बारावीच्या मुलांना 2000 रुपये बीजभांडवलही दिलं.

आपल्याकडे सुरुवात सीताफळापासून करता येईल. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. समजा, मुलांनी 500 रुपयांचा माल घेतला आणि 700 ला विकला. पोरं म्हणतील, 200 सुटले. रिक्षाचे 60 आणि पिशव्यांचे 40 वहीत मांडले की उरतात 100. त्यात दोघांची दिवसभराची मजुरी धरली तर? हा गणिताचा तास मुलं विसरणार नाहीत.

आपल्या दीनमध्ये तर तिजारतीला इज्जत आहे. प्यारे नबी (स.) हजरत खदीजा (र.) यांचा माल घेऊन शामला गेले होते. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. तरी आपली उधारी तोंडीच चालते आणि भाऊ भावाशी बोलेनासा होतो.

भांडवलाचं काय? पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अल्पसंख्याकांना ग्रामीण भागात 35 टक्के अनुदान आहे. पण बाकी बहुतेक रक्कम कर्जाची, म्हणून सूदच्या विचाराने अनेक घरं मागे हटतात. त्यांच्यासाठी मुदारबतचा रस्ता आहे: पैसा एकाचा, मेहनत दुसऱ्याची, नफा ठरलेल्या हिश्श्याने. मात्र चोख वहीशिवाय तोही चालत नाही.

एक धोका पालकांनी ओळखावा. ‘धंदाच करायचा तर शाळा कशाला?’ असं म्हणून पोराला कायमचं गॅरेजवर बसवलं, तर तो आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली राहील. 14 वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे. घरच्या धंद्यात मदत चालते, पण शाळा सुटल्यावर. शिवाय वरच्या योजनेत दहा लाखांवरच्या उत्पादन प्रकल्पाला आठवी पासची अट आहे.

म्हणून पुढच्या पालकसभेत टक्केवारीबरोबर हेही विचारू या: आमच्या मुलामुलींना वही लिहायला, भाव काढायला, बँकेचा अर्ज भरायला कधी शिकवणार? मुलींसाठी हे आधी विचारू या. घरी शिलाई करणाऱ्या कितीतरी अम्मींना आपल्या मेहनतीचा भाव आजही कुणी सांगितलेला नाही.