सांधा बसला, हाडाचे काय?

सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची कोणतीही अट न घालता, आयुष्मान भारत योजनेखाली उपचारांचे संरक्षण देण्यास केंद्र सरकारने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रारंभ केला. कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या या तरतुदीचे स्वागत सर्व थरांतून झाले, आणि ते योग्यच होते. या वयाच्या माणसांना ज्या शस्त्रक्रियांची गरज भासते, त्यांत खुब्याच्या शस्त्रक्रियेचा क्रम बराच वरचा लागेल. न्हाणीघरातील ओल्या फरशीवरून आजीचा पाय घसरतो, मांडीच्या हाडाची मान मोडते, खुब्यात धातूचे डोके बसविले जाते आणि थोड्याच दिवसांत आजी वॉकर धरून चालू लागते. घरच्यांच्या दृष्टीने प्रकरण तेथे मिटते. योजनेच्या हिशेबातही ते जवळजवळ तेथेच मिटते, कारण रुग्णालयातून घरी गेल्यानंतरच्या केवळ पंधरा दिवसांचा खर्च तीत धरलेला आहे. हाडाच्या दृष्टीने मात्र प्रकरण त्याच सुमारास सुरू होत असते.

मांडीचे हाड म्हणजे घराचा खांब नव्हे. खांबावरचे ओझे काढले म्हणून खांब झिजत नाही, हाड झिजते. १८६६ च्या सुमारास झुरिक येथे हेर्मान फोन मायर या शरीररचनाशास्त्रज्ञाकडे उभे चिरलेले मांडीचे हाड पाहत असता कार्ल कुलमान या स्थापत्यशास्त्राच्या प्राध्यापकाच्या ध्यानात आले, की त्यातील बारीक अस्थितंतूंची मांडणी क्रेनच्या वाकलेल्या भुजेतील ताण आणि दाब यांच्या रेषांशी मिळतीजुळती आहे. बर्लिनच्या युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये याच धाग्यावरून आपला प्रसिद्ध नियम मांडला. ज्या भागावर भार पडतो तेथे हाड बळकट होत जाते, जेथे पडत नाही तेथे ते स्वतःला मोडीत काढते, असे त्याचे सार सांगता येईल. नियमाच्या तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या, पण मूळ गोष्ट टिकली. अंतराळात वजनविरहित अवस्थेत राहणाऱ्या यात्रींच्या खुब्याजवळील हाडाची घनता दरमहा एक ते दीड टक्क्याने घटते, ही त्याचीच साक्ष होय.

कृत्रिम सांध्याचा दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळीत एकदा बसला की हाडाच्या वाट्याचे काम तो स्वतःकडे घेतो. साध्या चालण्यातही खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. पूर्वी हा भार हाडाच्या वरच्या भागातून खाली उतरत असे. आता तो धातूतून उतरतो आणि बराच खाली गेल्यावर हाडाला मिळतो. कोबाल्ट-क्रोमियमचा ताठरपणा हाडाच्या कठीण कवचाच्या दहापटीहून अधिक असतो, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा पाच-सहापट. अशा बलदंड सोबत्याच्या आडोशाला राहिलेले वरचे हाड हळूहळू विरळ होते. दांड्याभोवतीच्या हाडाचे सात विभाग कल्पून क्ष-किरण चित्रे वाचण्याची ग्रुएन यांची पद्धत १९७९ पासून रूढ आहे. पुढे डेक्सा यंत्रामुळे प्रत्येक विभागाची घनता आकड्यांत मोजता येऊ लागली. जगभरच्या मोजमापांचा निष्कर्ष बव्हंशी एकच आहे. सर्वांत मोठी घट सातव्या विभागात, म्हणजे दांड्याच्या वरच्या टोकाशी आतल्या बाजूस होते. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत ती पाचव्या हिश्शाच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही अधिक असते आणि त्यानंतर तिचा वेग मंदावतो. रुग्णाला याचा पत्ता नसतो, कारण यात काही दुखत नाही.

ही घट म्हणजे संकटच, असा मात्र समज करून घेऊ नये. वरचे हाड ठळकपणे विरळ झालेले असूनही वीस-वीस वर्षे विनातक्रार चालणारे रुग्ण पाश्चात्य शल्यविशारदांनी नोंदविले आहेत. केवळ या कारणाने सांधा निकामी होणे विरळाच. त्रास होतो तो दोन प्रसंगी. रुग्ण पुन्हा पडला तर दांड्याभोवतीचे कमकुवत हाड मोडते, आणि असे मोडलेले हाड जुळविणे हे मूळ शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी अवघड काम असते. अथवा सांधा झिजून बदलण्याची वेळ येते, आणि नवा दांडा धरून ठेवण्याजोगे हाड हाताशी राहिलेले नसते. आधीच ठिसूळ हाडे असलेल्या वृद्ध स्त्रियांना पहिला धोका अधिक आहे, तर तरुण वयात सांधा बसविलेल्यांना दुसरा.

या तरुणांची संख्या आपल्याकडे दुर्लक्ष करण्याजोगी नाही. खुब्याच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते खचण्याचा विकार भारतात सांधा बदलण्याचे एक प्रमुख कारण आहे. स्टिरॉइडचे सेवन व मद्यपान यांच्याशी त्याचा संबंध असून तो ऐन उमेदीच्या वयात गाठतो. करोनातून उठलेल्या चाळिशीच्या आतील रुग्णांत हा विकार आढळल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये निदर्शनास आणले होते. पस्तिशीत सांधा बसविलेल्या माणसाला तो आयुष्यात एकदा तरी बदलावा लागेल, हे गृहीतच धरले पाहिजे.

या शास्त्राचा इतिहास घाईने काढलेल्या निष्कर्षांनी भरलेला आहे. इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. ती काही वर्षांतच झिजली आणि शेकडो रुग्णांचे सांधे पुन्हा उघडावे लागले. आपले अपयश त्यांना कळले ते रुग्णांवर नजर ठेवल्यामुळे, आणि १९६२ पासून त्यांनी पॉलिथिलीनची जी वाटी वापरली तिचे यशही त्याच नजरेमुळे सिद्ध झाले. पुढे दांड्याभोवतीचे हाड पोखरले जात असल्याचे दिसताच त्याचे खापर सिमेंटवर फुटले, आणि १९८० च्या दशकात सिमेंटविरहित दांड्यांची लाट आली. पुष्कळसा दोष पॉलिथिलीनच्या झिजेतून सुटणाऱ्या सूक्ष्म कणांचा होता, हे नंतर सर्वमान्य झाले. धातू ताठर म्हणून प्लॅस्टिकचे लवचिक दांडेही करून पाहण्यात आले. ते हाडात सैल झाले. सिमेंटविरहित दांड्यांची लोकप्रियता मात्र टिकून आहे. वयोवृद्ध रुग्णांत हे दांडे बसविल्यास भोवतालचे हाड मोडण्याचा धोका सिमेंटपेक्षा अधिक असतो, असे युरोपातील राष्ट्रीय नोंदवह्या वर्षानुवर्षे सांगत आहेत. तरीही त्यांचा वापर वाढतच गेला, आणि आपल्या मोठ्या शहरांतील रुग्णालयांचा कलही तिकडेच आहे. नवे व महाग ते अधिक चांगले, हा समज एकट्या रुग्णांचाच आहे असे नव्हे.

हा समज खोडून काढण्याचे साधन म्हणजे नोंद. स्वीडनने खुब्याच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही १९७९ मध्येच सुरू केली. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड त्यानंतर आले. भारतात शल्यविशारदांच्या संघटनेने ठेवलेली नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक आहे. तिचे मर्यादित बळ किती महागात पडते, याचा धडा देशाला एकदा मिळून चुकला आहे. डेप्यू कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा सांधा ठरल्यापेक्षा लवकर निकामी होतो, हे प्रथम ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत उमटले, आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून मागे घेतला. त्यातून सुटणाऱ्या धातुकणांनी कित्येकांच्या खुब्याभोवतीचे स्नायू व हाड यांची हानी झाली होती. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये मुंबईत माहीम पोलिसांकडे फिर्याद नोंदविली, ही त्यातली त्यात जमेची बाजू. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसविले गेले होते. त्यांपैकी साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा ठावठिकाणा लागलाच नाही, असे केंद्राने नेमलेल्या समितीच्या अहवालातून २०१८ मध्ये उघड झाले. नुकसानभरपाईचे सूत्र ठरले. ती घ्यायला यावयाची माणसेच सापडत नव्हती.

प्रत्येक रुग्णाची डेक्सा तपासणी करावी, अशी मागणी कोणी करणार नाही. ती यंत्रे बहुतांशी मोठ्या शहरांपुरतीच आहेत, आणि दांड्याभोवतीची घनता मोजण्यासाठी लागणारी खास व्यवस्था त्याहूनही दुर्मीळ. साधे क्ष-किरण चित्र मात्र तालुक्याच्या गावीही निघते. हाड बरेच विरळ झाल्यावाचून ते त्यात दिसत नाही, ही त्याची मर्यादा खरी. तथापि पहिल्या वर्षअखेरीस आणि पुढे काही वर्षांच्या अंतराने काढलेली चित्रे शेजारी ठेवली, तर सैल होणारा दांडा आणि पोखरले जाणारे हाड वेळीच ओळखता येते. पाच लाखांच्या तरतुदीत या चित्रांचा खर्च नगण्य आहे. अडचण पैशाची नसून पंधरा दिवसांच्या मुदतीची आहे.

औषधांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. ॲलेंड्रोनेटसारख्या औषधांनी दांड्याभोवतीची घट कमी होते, असे प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे सांध्याचे आयुष्य वाढते काय, याचा निर्णय अजून लागायचा आहे. परंतु पडून खुबा मोडलेल्या आजीच्या बाबतीत या वादाची वाट पाहण्याचे कारण नाही. तिची हाडे ठिसूळ आहेत हे त्या मोडण्यानेच सिद्ध केलेले असते, आणि दुसऱ्या बाजूचा खुबा अद्याप शाबूत असतो. असे असता ठिसूळपणावरचे कोणतेही औषध न देता रुग्णाला घरी पाठविण्याचा प्रकार जगभर सर्रास चालतो, आपल्याकडेही चालतो. शस्त्रक्रियेचा दर मंजूर करताना या औषधाची आणि ड जीवनसत्त्वाची चौकशी करणे योजनेला अवघड नाही.

राहिला प्रश्न ओळखीचा. प्रत्येक रोपणाच्या वेष्टनावर त्याची जात व क्रमांक दर्शविणारी चिकटपट्टी असते आणि ती रुग्णालयाच्या कागदपत्रांत लावली जाते. तिचीच एक प्रत रुग्णाच्या हाती देणे व तो क्रमांक आयुष्मान कार्डाला जोडणे, एवढ्याने सक्तीच्या राष्ट्रीय नोंदवहीचा पाया घालता येईल. योजनेखालील शस्त्रक्रियांचे पैसे सरकारच देते. तेव्हा क्रमांकावाचून देयक मंजूर करू नये, असा नियम करण्यास नव्या कायद्याचीही गरज भासू नये. खासगी रुग्णालयांत स्वतःच्या खर्चाने सांधा बसविणाऱ्यांना या नोंदीत कसे आणावयाचे, हे त्यानंतर ठरविता येईल.