सोडून आल्यावर लिहिलेलं पत्र

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने विचारलं, "तू त्या पंथातून बाहेर पडून इतकी वर्षं झाली. मग अजून त्यांच्या प्रमुखांना पत्रं कशाला लिहितेस? सोडलंस ना, विषय संपला."

प्रश्न अगदीच चुकीचा नाही. मलाही तो अधूनमधून पडतो. म्हणून आज थोडं सविस्तर लिहितेय. (घरच्यांपैकी जे हे वाचतात त्यांनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. मध्येच फोन करू नये!)

आमच्या घरात आजोबांपासून पंथ. दर गुरुवारी आरती, प्रवचन, महाप्रसाद. माझं बालपण त्या सतरंजीवर गेलं आणि ते वाईट गेलं असं मी कधीच म्हणणार नाही. पाठांतर तिथलं, गाणं तिथलं, पन्नास माणसांचा स्वयंपाक न घाबरता करायची सवयही तिथलीच. मी बाहेर पडले ती देव आहे की नाही या प्रश्नावरून नाही. काकूच्या पाटल्यांवरून. नव्या सभामंडपासाठी तिने त्या काढून दिल्या. चार वर्षं मंडप झाला नाही. हिशेब विचारला तर उत्तर आलं, "श्रद्धा कमी पडतेय." त्यानंतर मी गुरुवारी गेले नाही.

मग पत्र लिहिलं. अकरा पानं! रागाच्या भरात लिहिलेलं, त्यामुळे वाक्यं भलतीच झणझणीत. प्रमुखांना दुकानदार म्हटलं, अनुयायांना मेंढरं. मित्रमंडळींनी वाहवा केली. प्रमुखांकडून अर्थातच उत्तर नाही. पण पत्राच्या प्रती फिरल्या आणि एक काकूच्या हातात पडली. ती चिडली नाही. चहा ठेवता ठेवता एवढंच म्हणाली, "म्हणजे मी मेंढरू का गं?"

त्या दिवशी मला कळलं की पत्र ज्याच्या नावे लिहितो तो आपला वाचक नसतोच. गादीवरचा माणूस आपल्या पत्राने बदलेल ही आशा फोल. खरा वाचक म्हणजे जो अजून सतरंजीवर बसलाय, ज्याच्या मनात शंका आहे पण ओठावर येत नाही. आणि माझ्या अकरा पानांनी नेमका त्यालाच शिवी दिली होती.

मग काय, मऊ लिहायचं? आईचा सल्ला तोच. "पाटल्यांचं काढून टाक, बाकी राहू दे." इथे मला एक जुना पत्रव्यवहार आठवतो. बाबासाहेबांशी आपली तुलना करायची नाही, आपली लायकी नाही. पण शिकायला कोण अडवतंय?

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने त्यांना १९३६ च्या आपल्या अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषणाचा मजकूर बघून मंडळी घाबरली. वेदशास्त्रांवरची टीका आणि धर्म सोडण्याची भाषा तेवढी वगळा, असं सुचवू लागली. २७ एप्रिल १९३६ च्या पत्रात बाबासाहेबांनी कळवलं की एक स्वल्पविरामही बदलणार नाही. अधिवेशन होऊ शकलं नाही. त्यांनी भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'.

हे बहुतेकांना माहीत असतं. पण पुस्तक उघडून बघितलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं ते दुसऱ्याच गोष्टींचं. एक, मंडळाबरोबरचा पत्रव्यवहार त्यांनी सुरुवातीलाच छापलाय, समोरच्यांच्या पत्रांसकट. पुढे गांधीजींनी 'हरिजन'मध्ये टीका केली, तर १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते लेखही घातले आणि सोबत आपलं उत्तर दिलं. वाचकाने दोन्ही बाजू बघून ठरवावं. आणि दोन, पुरोहितांवर इतकी कडक टीका करूनही ते नुसते ओरडत नाहीत, मागण्या मांडतात. पौरोहित्य वंशपरंपरागत नको. पुरोहितासाठी परीक्षा आणि सनद हवी. पुरोहितांची संख्या कायद्याने ठरवावी आणि गैरवागणुकीवर कारवाई व्हावी. जो माणूस बाहेर पडायचं ठरवून बसलाय, तो मागे राहणाऱ्यांसाठी एवढं तपशिलात लिहून ठेवतो!

मला यातून जे उमगलं ते असं. मुद्दा मऊ करायचा नाही, तुच्छता काढून टाकायची. आपण या दोन्हींची गल्लत करतो. 'सौम्य लिही' म्हटलं की आपण नेमका मुद्दाच गाळतो आणि टोमणे तसेच ठेवतो.

तर दुसरं पत्र दोन पानांचं झालं. पहिल्या परिच्छेदात मला पंथात जे मिळालं ते लिहिलं, कारण ते खरं आहे. मग तीन प्रश्न. मंडपासाठी किती जमलं आणि ते कुठे आहे? पुढचा प्रमुख कोण ठरवतं? सोडून गेलेल्यांशी संबंध ठेवू नका असं प्रवचनात का सांगितलं जातं? सोबत एवढंच लिहिलं की सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेने हिशेब ठेवणं हे कायद्यानेच बंधनकारक आहे, १९५० पासून. त्यात श्रद्धेचा प्रश्न येतोच कुठे?

पाठवण्याआधी ते काकूला वाचून दाखवलं. तिने एकच शब्द काढायला लावला, 'भोळे'. "आम्ही भोळे नाही गं. आम्हाला कळतं. विचारायचं कुणाला हे कळत नाही." काढला. पाटल्या मात्र ठेवल्या, आईच्या विरोधाला न जुमानता.

म्हणून मैत्रिणीला माझं उत्तर असं. सोडून आलेल्यानेच लिहायला हवं, कारण आता त्याला कुणी पंगतीतून उठवू शकत नाही. आतल्याला ती भीती असते. पण लिहिताना आपण त्याच पंगतीत जेवलोय हे विसरायचं नाही.

पत्राला उत्तर? नाही आलं. काकू अजूनही दर गुरुवारी जाते. मात्र परवा सहज म्हणाली, या वेळी देणगी देताना तिने पावती मागितली. पावतीपुस्तक सापडत नाही म्हणाले. "मग सापडलं की देते," म्हणून ती पैसे परत घेऊन आली.

असो. तुमच्यापैकी कुणी असं पत्र लिहिलंय का?