रानडुकरासाठी कुठली बंदूक? यूट्यूबवरची रायफल आणि रेवदंड्याची वाडी

रेवदंडा : भात पोटरीला आलं की रात्रीची राखण सुरू होते. डबे वाजवायचे, फटाके लावायचे, बॅटरी मारायची. तरी सकाळी बांधावर गेलं की अर्धा गुंठा लोळवलेला दिसतो. हिवाळ्यात वालाच्या आणि भाजीच्या मळ्यात तेच, आणि नारळ-सुपारीच्या वाडीत माकडं. मग पारावर एक विषय हमखास निघतो, बंदूक घ्यायची का? आणि हल्ली त्याच्यापुढे दुसरा प्रश्न येतो, कुठली घ्यायची?

हा दुसरा प्रश्न मोबाइलमधून आला आहे. अमेरिका आणि आफ्रिकेतल्या शिकारीचे व्हिडिओ आपल्याकडची पोरं रोज बघतात. सशापासून रेड्यापर्यंत सगळ्याला चालेल अशी एकच रायफल कुठली, यावर तिकडे तास-तासभर चर्चा चालते. तिकडे ती चर्चा बरोबर आहे, कारण तिकडे शिकारीचा हंगाम असतो, परवाना मिळतो, मोकळं रान असतं. आपल्याकडे तो प्रश्न तसाच उचलला तर माणूस थेट कोर्टाच्या पायरीवर जातो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

शिकार बंद, पण एक दरवाजा उघडा

आपल्या शेजारचं फणसाड अभयारण्य हे एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं. १९८६ मध्ये तेच रान अभयारण्य झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी देशभर शिकारीला बंदी आणली आहे. हौसेची शिकार, शिमग्याची पारध, मटणासाठी हाका, हे सगळं या बंदीत येतं. डुक्कर स्वतःच्या शेतात आलं म्हणून ते आपल्या मालकीचं होत नाही.

पण याच कायद्याच्या कलम ११ मध्ये एक वाट ठेवलेली आहे. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला, तर त्याला मारायची लेखी परवानगी अधिकारी देऊ शकतो. उभं पीक हीसुद्धा मालमत्ताच, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. बिबट्या आणि गवा पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांना पिकाच्या नावाखाली हात लावता येत नाही.

महाराष्ट्र सरकारने जुलै २०१५ मध्ये या कलमाच्या आधारे आदेश काढला. पिकाचं नुकसान करणारं रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, यांच्यासाठी शेतकऱ्याने वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे तक्रार करायची आणि अधिकाऱ्याने २४ तासांत त्यावर निर्णय घ्यायचा. रोही आपल्या किनाऱ्यावर नाही, म्हणजे आपल्यासाठी हा आदेश फक्त डुकराचा. माकड आणि वानर त्यात नाहीत.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. परवानगी म्हणजे कागद. साहेब फोनवर 'बघा काय ते' म्हणाले, ही परवानगी नव्हे. आणि मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता असतं. परवानगीने मारलेलं डुक्करसुद्धा घरी नेलं, वाटे घातले, की गुन्हा होतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कायद्यातल्या साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

आकड्यांचा घोळ : बारा बोर, .३१५, .२२

आता बंदुकीकडे येऊ. गावात जे आकडे कानावर पडतात त्यांचा अर्थ बऱ्याच जणांना माहीत नसतो.

बारा बोर म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी जिच्या नळीत बसेल ती बंदूक. नळीचं भोक साधारण साडेअठरा मिलिमीटर. नळी आतून गुळगुळीत असते. काडतुसात छर्रे असतात, बारीक किंवा मोठे, नाहीतर एकच गोळी. आपल्या पुण्याच्या खडकी कारखान्यातही ही काडतुसं बनतात.

रायफलच्या नळीत आतून पीळ असतो. त्यामुळे गोळी फिरत जाते, लांब जाते आणि नेमकी लागते. .३१५ म्हणजे इंचाचा तेवढा भाग, आठ मिलिमीटर. इंग्रजांच्या काळात लष्कराकडे .३०३ रायफल होती. लष्करी गोळ्या बाहेरच्या बंदुकीत चालू नयेत म्हणून नागरिकांसाठी हे वेगळं माप पुढे आलं. तीच .३१५ आजही सरकारी कारखान्याची नागरी रायफल म्हणून ओळखली जाते, आणि .३०३ आजही नागरिकाला बंद आहे. थर्टी-ऑट-सिक्स ही अमेरिकन लष्कराने १९०६ मध्ये घेतलेली गोळी. व्हिडिओत 'सगळ्याला चालणारी' म्हणून तिचंच नाव सारखं येतं. .२२ ही साडेपाच मिलिमीटरची बारीक गोळी, नेमबाजीच्या सरावाची.

मग डुकरासाठी कुठली?

.२२ तर नाहीच. मोठं डुक्कर तिने मरत नाही, फक्त जखमी होतं. जखमी डुक्कर करवंदीच्या जाळीत जाऊन बसतं आणि सकाळी लाकडाला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं.

.३१५ किंवा थर्टी-ऑट-सिक्स डुक्कर पाडते, यात शंका नाही. पण चुकली तर ती गोळी जाते कुठे? या रायफलींची गोळी दोन-तीन किलोमीटर सहज जाते. .२२ सुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आपल्याकडे एक वाडी संपली की दुसरी सुरू. मध्ये घरं, होमस्टे, रस्ता, बीचवरचे पर्यटक. रेवदंड्याच्या बाजूला सुटलेली गोळी कुंडलिका ओलांडून साळावच्या बाजूला पडू शकते. अंधारात बॅटरीच्या उजेडात मारताना मागे काय आहे ते दिसतच नाही. मोकळ्या माळावर जी रायफल चांगली, ती कोकणातल्या दाट वस्तीत शेजाऱ्याच्या जिवावर उठते.

राहते बारा बोर. तिचा मोठा छर्रा किंवा एकच गोळी तीस-चाळीस मीटरच्या आत काम करते. माळ्यावर बसून खाली जमिनीच्या दिशेने मारलं तर चुकलेली गोळी मातीत जाते. छर्रे रायफलच्या गोळीइतके लांब जात नाहीत. आपल्याकडे रान दाट आहे, डुक्कर दिसतं तेच वीस-पंचवीस मीटरवर. तेव्हा लांब पल्ल्याची गरजच पडत नाही. म्हणजे तांत्रिक बाजूने बघितलं तरी उत्तर बारा बोरच येतं.

कायद्यानेही हेच ठरवलंय

गंमत अशी की १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही हेच ठरवून ठेवलं आहे. कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना सांगितला आहे. ठासणीची पुरणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. पीक संरक्षणाच्या या तरतुदीत रायफल कुठेही नाही.

परवाना देतात जिल्हाधिकारी, म्हणजे आपल्यासाठी अलिबाग. अर्ज, पोलिसांचा अहवाल, बंदूक सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण, सगळं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत.

आणि एक कलम गावात फारसं कुणाला माहीत नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. मुरूड आणि रोह्याकडच्या बऱ्याच गावांना फणसाडमुळे हा नियम लागतो. रेवदंडा-चौलच्या शेतकऱ्याने अर्ज करण्याआधी आपलं अंतर वनखात्याकडून तपासून घ्यावं. नाहीतर अर्ज वर्षभर फिरत राहील आणि का अडकलाय ते कळणारही नाही.

शिवाय निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागू शकते. डुकराला आचारसंहिता नसते.

वाट लांब म्हणून आडवाट

इथेच खरी अडचण आहे. सरळ वाट एवढी लांब की लोक आडवाट धरतात. गावठी बंदूक, फासकी, पिठात गुंडाळलेला स्फोटक गोळा, कुंपणाला सोडलेला करंट.

बिनपरवाना बंदूक बनवणाऱ्याला आता सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पण शिक्षेपेक्षा मोठी गोष्ट जिवाची. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्या गटातल्या एकाला सोबत्याचीच गोळी लागली. जनावर समजून बार काढला होता. माणूस गेला, सोबत्यांनी घाबरून मृतदेह लपवला आणि पोलिसांना ते काही दिवसांनी कळलं. एका डुकरापायी किती घरं उद्ध्वस्त झाली बघा. करंटचंही तसंच. डुकरासाठी सोडलेली तार पहाटे परसाकडे गेलेल्या माणसाला ओळखत नाही, आणि मग मालकावर मनुष्यवधाचा गुन्हा लागतो.

दुसरीकडे काय केलं

केरळमध्ये हाच त्रास होता. मे २०२२ मध्ये तिथल्या सरकारने ग्रामपंचायतीचे अध्यक्ष, नगराध्यक्ष, महापौर यांना मानद वन्यजीव रक्षकाचे अधिकार दिले. पिकाला त्रास देणारं डुक्कर मारायचा आदेश पंचायतीतूनच निघू लागला. पण मारायचं परवानाधारक नेमबाजाने. विष, स्फोटक, करंट यांना बंदी, आणि प्रत्येक डुकराची नोंद. घरोघरी बंदूक न देता त्यांनी निर्णय गावाजवळ आणला.

बिहारमध्ये उलटं झालं. केंद्राने तिथे नीलगाय उपद्रवी ठरवली आणि जून २०१६ मध्ये मोकामा भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून जास्त नीलगाई मारल्या. देशभर ओरड झाली, केंद्रातले दोन मंत्री एकमेकांसमोर उभे राहिले. एकदम मोठी मोहीम काढली की असा गाजावाजा होतो आणि मग सगळंच थांबतं. दरवर्षी, गरज असेल तिथे, नोंद ठेवून केलेलं काम टिकतं.

आपल्या जिल्ह्यालाही जमेल असं काही आहे. तालुक्यात परवाना असलेले, हात बसलेले किती नेमबाज आहेत याची यादी वनखात्याने लावावी. शेतकऱ्याला परवानगी मिळाली की त्याच यादीतला माणूस त्याच्या शेतावर पोचावा. किती अर्ज आले, किती मंजूर झाले, हे दर हंगामाला ग्रामसभेत वाचून दाखवावं. ग्रामसभेने तसा ठराव करून अलिबागला उपवनसंरक्षकांकडे पाठवायला कुणाची परवानगी लागत नाही.

आज काय करायचं

बंदूक हा शेवटचा उपाय आहे. त्याआधीचे उपाय कागदाचे आहेत, पण पैसे त्यातूनच मिळतात.

पहिलं, नुकसान झालं की त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा आणि वनखात्याकडे भरपाईचा अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या. आठवड्याने गेलात तर पंचनाम्याला काही शिल्लक राहत नाही. 'दरवर्षीचंच आहे' म्हणून अर्ज न केलेलं नुकसान सरकारच्या वहीत कुठेच नसतं.

दुसरं, पीक विमा. वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान खरीप २०२६ पासून पंतप्रधान पीक विमा योजनेत जादा संरक्षण म्हणून घेण्याचं केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. भात पाण्याखाली जाण्याची जोखीमही पुन्हा घेतली. आपल्या खारपट्ट्याला दोन्ही लागू पडतात. तक्रार ७२ तासांत, ॲपवर, जागेची नोंद असलेल्या फोटोसह करायची. मात्र कुठले जिल्हे आणि कुठले प्राणी, ते राज्याने जाहीर करायचं असतं. रायगड आणि रानडुक्कर त्या यादीत आहेत का, हे कृषी सहायकाला विचारा. नसतील तर आमदार-खासदारांना विचारा.

तिसरं, कुंपण एकट्याने केलं तर डुक्कर शेजाऱ्याकडे जातं आणि फिरून आपल्याकडे येतं. दहा-बारा जणांनी मिळून एका पट्ट्याला सौर कुंपण केलं तर खर्च वाटला जातो. सौर कुंपणाचा झटका मारत नाही, फक्त हुसकावतो. त्याला वनखात्याच्या जनवन विकास योजनेतून अनुदान आहे. आपलं गाव त्यात बसतं का ते विचारा.

चौथं, पडीक जमीन. मुंबईला गेलेल्यांच्या जागेत रान माजतं आणि डुकरं दिवसा तिथेच लपतात. ती साफ झाली नाही तर कितीही बार काढले तरी कळप संपणार नाही.

तेव्हा कुठली रायफल घ्यायची, याचं उत्तर आपल्या भागापुरतं साधं आहे. कुठलीच नाही. परवाना मिळाला आणि हातात परवानगीचा कागद असला तर बारा बोर, माळ्यावरून, खाली बघून, मागे कोण आहे ते पाहून. आणि तो कागद नसेल तर बॅटरी, डबा आणि पंचनाम्याचा अर्ज. शेतकऱ्याला वेळेवर भरपाई आणि वेळेवर परवानगी मिळाली, तर बंदुकीचं माप विचारायची वेळ फार थोड्यांवर येईल. ती मिळत नाही हे ग्रामसभेत मांडायचं आहे, आणि ते आपल्यालाच मांडावं लागेल.