गाडी घेताना घरातली माणसंही मोजा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी आठवडाभर एकच वाद चालला: सेकंडहँड पिकअप घ्यायची की व्हॅन?

आम्ही नवेगाव बांधचे. अब्बा तयार कपडे विकतात. आठवड्यातले चार दिवस आजूबाजूच्या गावांचे बाजार करतात. इतकी वर्षं माल भाड्याच्या गाडीतून जायचा. आता थोडे पैसे साठले होते आणि धाकट्या भावाचं मन पिकअपवर बसलं होतं. त्याचं काही चुकत नव्हतं. आपल्याकडे दारात पिकअप उभी राहिली की 'पोरानं काहीतरी केलं' असं लोक म्हणतात. व्हॅन म्हटली की त्यांना शाळेची मुलं आठवतात.

मी व्हॅनच्या बाजूने होतो. नुसत्या बोलण्याने कोणी ऐकेना, म्हणून एका रात्री आम्ही बाजारात नेतो तो सगळा माल काट्यावर चढवला. कपड्यांचे गठ्ठे, बांबू, ताडपत्री, लोखंडी स्टँड. सगळं मिळून साडेतीनशे किलोही भरलं नाही. २००५ साली आलेला 'छोटा हत्ती'सुद्धा पाऊण टनाचा होता आणि भाऊ बघून आला होता ती पिकअप दीड टनाच्या घरातली होती. म्हणजे आम्ही रोज एक टनाहून जास्त रिकामी जागा डिझेल जाळून फिरवणार होतो.

भाऊ म्हणाला, "ईद-दिवाळीला माल जास्त असतो. शिवाय धानाच्या हंगामात भाडं मारता येईल." ईद-दिवाळीचे जास्तीच्या मालाचे दिवस आम्ही मोजले. वर्षात पंधराच्या वर गेले नाहीत. त्या दिवसांपुरती गाडी भाड्याने मिळते. आणि धान विकून शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो, तेव्हाच आमचा कपड्यांचा बाजारही भरतो. त्या दिवसांत भाऊ धान वाहील की अब्बांसोबत दुकान लावील? दोन्ही एकदम होणार नव्हतं.

पण माझा खरा मुद्दा वजनाचा नव्हता, माणसांचा होता. आमच्या घरात सहा माणसं आहेत. अम्मीला शुगर आहे, तपासणीला गोंदियाला जावं लागतं. बहिणीच्या परीक्षेचं केंद्र कुठेही पडतं. गोंदिया इथून साठ-पासष्ट किलोमीटर. संध्याकाळी बस चुकली की वाटेत जंगल आहे. पिकअपच्या केबिनमध्ये ड्रायव्हर धरून दोन-तीन माणसं बसतात. बाकीच्यांनी कुठे बसायचं? मागच्या हौद्यात.

आणि हौद्यात कोण बसतं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. केबिनमध्ये घरातले मोठे पुरुष आणि मागे बाया-पोरं. चार वर्षांपूर्वी एका वलीम्याहून परतताना आमची खाला अशीच हौद्यातून पडली. मनगट मोडलं. तिला काही मिळालं नाही आणि मागायचं कोणाकडे हेही कोणाला ठाऊक नव्हतं.

ते ठाऊक असायला हवं. मालवाहू गाडी मालासाठी असते. १९९४च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने अशा गाडीतल्या मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना विम्याचं संरक्षण दिलं. फुकट बसवून नेलेल्या वऱ्हाडाला ते नाही. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात हेच सांगितलं: मालवाहू गाडीत असे प्रवासी नेले तर विमा कंपनी जबाबदार नाही. काही प्रकरणांत न्यायालयं कंपनीला आधी रक्कम द्यायला लावतात, पण कंपनी ती गाडीमालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे एका अपघातात आपली गाडी जाते, माणूस जातं आणि वर आयुष्यभराचं देणं उरतं.

मे २०२४मध्ये शेजारच्या छत्तीसगडमध्ये कवर्ध्याकडे तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या बैगा आदिवासींची पिकअप दरीत कोसळली. १९ जण गेले. जवळजवळ सगळ्या बाया होत्या. तेंदूपत्त्याचा हंगाम आपल्या गोंदियातही असतो आणि अशा भरलेल्या पिकअप आपण रोज बघतो. बघून सवय झाली आहे, एवढंच.

व्हॅनचे दोष मी लपवणार नाही. मारुतीची व्हॅन १९८४ साली आली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं आणि सुरक्षेच्या नव्या नियमांपुढे टिकणार नाही म्हणून २०१९ साली ती बंद झाली. २०१० साली आलेल्या ईकोला २०१६च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नाही. म्हणून जुनी व्हॅन घेताना स्वस्त आहे एवढंच पाहू नका. सर्व सीटना पट्टे आहेत का, चालकासाठी एअरबॅग आहे का, ते बघा. २०१९च्या जुलैपासून चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, त्यानंतरची गाडी मिळाली तर बरं. माल आणि माणसं एकत्र नेताना गठ्ठे दोरीने घट्ट बांधा, नाहीतर ब्रेक लागल्यावर तेच पाठीत येतात. आणि पांढऱ्या पाटीच्या व्हॅनमध्ये भाड्याने सवारी किंवा लोकांचा माल नेणं हा गुन्हाच आहे. तो मोह टाळा.

ज्याचा धंदा विटा, रेती, धान किंवा मासळीचा आहे, त्याने पिकअपच घ्यावी. त्याला व्हॅन पुरणार नाही. माझं म्हणणं त्या घरांबद्दल आहे जिथे माल थोडा आणि माणसं जास्त आहेत. आपल्या समाजात फेरीवाले, बाजार करणारे, छोटे दुकानदार कितीतरी आहेत. त्यातल्या बहुतेकांचं घर असंच आहे. तरी गाडी ठरवताना चर्चा होते ती पुरुषांची, बैठकीत. अम्मीला, बहिणीला कोणी विचारत नाही, कारण ती 'धंद्याची गाडी' असते. तिच्यासाठी काढलेलं कर्ज मात्र घरखर्चातून फिटतं, आणि घरखर्चाला कात्री अम्मीच लावते.

आमच्याकडे शेवटी अम्मीनेच वाद मिटवला. ती भावाला म्हणाली, "बेटा, तुझ्या गाडीत मी कुठे बसू, ते सांग." त्याला उत्तर देता आलं नाही.

व्हॅन आली. भाऊ महिनाभर रुसून होता, आता तोच ती धुतो. बाजाराच्या दिवशी मागची सीट काढून गठ्ठे भरतो, परतल्यावर सीट पुन्हा लावतो. बहीण गाडी शिकते आहे. मागच्या आठवड्यात तिने तलावापर्यंत नेली आणि एक टायर चिखलात घातलं. आम्ही सगळ्यांनी ढकलली.

तुमच्या घरी गाडीचा विषय निघाला, तर आधी दोन गोष्टी करा. रोजचा माल काट्यावर चढवा. आणि घरातल्या प्रत्येकाला विचारा, तू कुठे बसणार?