गोडीच्या मुलखात कोरडी वाईन

मराठीत 'कोरडा' ह्या शब्दाच्या वाट्याला सहसा चांगला अर्थ येत नाही. कोरडा दुष्काळ, कोरडी सहानुभूती, कोरडे पाषाण. इंदापूरच्या जिरायत भागात वाढलेल्या माणसासमोर हा शब्द उच्चारला की आधी टँकर उभा राहतो. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला, एका द्राक्षबागायतदार मित्राच्या ओट्यावर मी 'म्यूस्काडे'ची बाटली ठेवली आणि ही फ्रान्समधली कोरडी पांढरी वाईन आहे असे सांगितले, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न रास्तच होता. "मास्तर, पातळ पदार्थ कोरडा कसा असंल?" मग त्याने एक घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि निकाल दिला : "नासलीय ही. आंबट ढाण."

हा लेख त्याच्या विरुद्ध नाही. ज्यांना त्याचा हा निकाल सोयीचा वाटतो, त्यांच्या विरुद्ध आहे.

त्यात पहिले येतात ते 'भारतीय जिभेला गोडच लागतं' असे ठामपणे सांगणारे. आपल्याकडे शेनँ ब्लाँ हे लुआरच्या खोऱ्यातले द्राक्ष रुजले. तिकडे त्याची खणखणीत कोरडी वाईनही होते आणि मधासारखी गोडही. इकडे मात्र त्यात थोडी साखर शिल्लक ठेवण्याकडेच कल राहिला, आणि कारण विचारले की बोट आपल्या जिभेकडे दाखवले जाते. कोणती ही जीभ? कैरीला तिखटमीठ लावून खाणारी, आमसुलाच्या सारावर जेवण संपवणारी, आंबट ताकाचा पेला एका दमात रिचवणारी, आवळा चघळून वर पाणी पिणारी? षड्रसांत आम्ल आणि कषाय यांना मानाने बसवणाऱ्या परंपरेला आंबट-तुरट कळत नाही असे म्हणणे हा अडाणीपणा आहे, आणि तो बाजारपेठेच्या अभ्यासाचा आव आणून मिरवला जातो.

गोडीचा पगडा आमच्या भागावर आहे, हे मात्र मान्य करायला हवे. नीरा डावा कालवा आला, त्याच्यामागे ऊस आला, कारखाने आले. पंचक्रोशीची पत 'उताऱ्या'वर, म्हणजे टनामागे किती साखर निघते त्यावर ठरू लागली. द्राक्षाचेही तेच झाले. एप्रिलची ती खरड छाटणी, ऑक्टोबरची ती गोडी छाटणी. नावातच निकाल लागलेला. माझा मित्र खिशात रिफ्रॅक्टोमीटर घालून बागेत फिरतो. थॉम्सन, सोनाका, शरद सीडलेस यांतल्या कोणत्या घडात किती साखर भरली हे तो मण्याच्या रंगावरून सांगतो आणि मग यंत्राने पडताळून घेतो. त्याच्या वीस वर्षांच्या कसबाचे मोजमाप एकाच आकड्यात होते. त्याला कोरडी वाईन नासकी वाटली, यात त्याच्या जिभेचा दोष कमी आणि त्या आकड्याचा अधिक.

कोरडी वाईन म्हणजे तरी काय? रसातली साखर किण्वाने जवळजवळ संपवलेली असते. लिटरमागे फार तर चार ग्रॅम उरते. मग लपायला जागा राहत नाही. आंबटपणा, तुरटपणा, किंचित कडवट शेवट, सारे उघड्यावर येते. म्यूस्काडे लुआरच्या मुखाजवळ, नाँत शहराच्या आसपास होते. 1709च्या भीषण हिवाळ्यात तिथले मळे गारठून मेले, तेव्हा थंडी सोसणाऱ्या 'मेलाँ द बुर्गोन्य' ह्या द्राक्षाला तिथे मोठी जागा मिळाली. हे द्राक्ष मुळात अबोल, त्याला स्वतःचा फारसा गंध नाही. म्हणून तिथले लोक वाईन कित्येक महिने तळाच्या मृत किण्वाच्या साक्यावर तशीच ठेवतात आणि तिला थोडा भरीवपणा, भाकरीच्या पिठासारखा बारीक वास येतो. ही वाईन कालवांबरोबर पितात. तिची चव एकटीने कळत नाही, आणि आम्ही ती नेमकी तशीच, शेंगदाण्यांसोबत, चाखत बसलो होतो.

आपल्या उन्हात ही वाईन जशीच्या तशी होणार नाही, हेही सांगून टाकतो. उष्णतेने द्राक्षातले मॅलिक आम्ल झपाट्याने घटते. पण आपल्याकडची वाईनची द्राक्षे हिवाळ्याच्या शेवटी पिकतात, रात्री थंड असतात, तोडणी पहाटे करता येते, रस गार टाक्यांत आंबवता येतो. सोव्हिन्यों ब्लाँच्या बाबतीत हे महाराष्ट्रात बऱ्यापैकी जमलेले आहे. त्या वाईनच्या बाटलीवर 'गूजबेरी' लिहिलेले वाचून आमचे एक प्राध्यापक मित्र त्यात आवळा शोधत बसले होते! वास्तविक ढोबळी मिरचीला जो हिरवा वास असतो, तो देणारी द्रव्येच ह्या द्राक्षात असतात. 'चिरलेली ढोबळी मिरची आणि कैरीची साल' एवढे म्हटले असते तर बारामतीच्या मंडईतल्या कोणालाही समजले असते. 2024मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आम्ही मराठीच्या अध्यापकांनी पेढे वाटले. घोटभर द्रवाचे वर्णन मात्र उसन्या फळांवर भागवतो.

दुसरे येतात ते 'वाईन म्हणजे दारू नव्हे' म्हणणारे. जानेवारी 2022मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा हे वाक्य फार ऐकू आले, आणि जोडीला शेतकऱ्याचे हित. म्यूस्काडेत सुमारे 12 टक्के मद्यार्क असतो. ती दारूच आहे. चरकाचा मदात्यय ह्या विकारावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि मार्द्वीक, म्हणजे द्राक्षाचे मद्य, आपल्या वैद्यकाला मद्य म्हणूनच ठाऊक होते. आमच्या गावांत दारूने मोडलेली घरे मोजायला सर्वेक्षण लागत नाही. त्या घरांतल्या मुली माझ्या वर्गात बसतात. त्यांच्यासमोर शब्दांचा खेळ करू नये. शेतकऱ्याचे म्हणाल, तर माझ्या मित्राच्या बागेतल्या थॉम्सनला चांगल्या वाईनसाठी कोणी विचारत नाही. त्यासाठी वेगळ्या जाती लागतात, त्या बहुधा करारावर लावल्या जातात, आणि एकूण द्राक्षक्षेत्रात त्यांचा वाटा चिमूटभर.

तिसरा गट तेव्हा समोरच्या बाजूला उभा होता, संस्कृतीच्या नावाने कपाळ बडवत. रोटी घाटातून तुकोबांची पालखी बारामती-इंदापूरला जाते, आणि ह्याच रोटीच्या परिसरात 2000च्या दशकात एका बड्या मद्यसमूहाची वाईनरी उभी राहिली. ह्या योगायोगावर मी स्वतः भाषणे ऐकली आहेत. ह्याच मंडळींच्या कपाटात द्राक्षासवाची बाटली असते. तेही आंबवूनच होते, त्यातही मद्यार्क असतो, फक्त ते गोड असते. गोड असले की औषध, आंबट असले की अधःपात! (आपल्या राज्याचा कायदाही याच वळणाचा : पिण्याचा परवाना मिळतो तो 'आरोग्यासाठी'.)

असो. त्या संध्याकाळी वहिनींनी उजनीची चिलापी तळून आणली. लिंबू घरात नव्हते. मित्राने तुकडा तोंडात टाकला आणि नाइलाजाने दुसरा घोट घेतला. थोडा थांबला. "लिंबू पिळल्यागत झालं की," म्हणाला. तिसरा घोट त्याने आपणहून घेतला आणि मग खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढून काचेवर एक थेंब टाकला. डोळा लावून पाहिले : 6च्या आसपास. "साखर हाय. तू खोटं बोलतोस." मद्यार्कही प्रकाश वाकवतो, त्यामुळे ह्या यंत्राला वाईनमध्ये नसलेली साखर दिसते, हे मी त्याला बराच वेळ समजावत होतो. त्याला काही ते पटले नाही.