आठ पट पुरे!

परवा कँटीनमध्ये टीममधल्या एका नव्या मुलाने मोबाईल माझ्यापुढे धरला. "दादा, पक्षी बघायला दुर्बीण घ्यायचीय. ही बघ, ३०×६०, एचडी, नाइट व्हिजन, दीड हजाराला. घेऊ का?" मी तोंडातला घास गिळेपर्यंत समोर बसलेल्या दुसऱ्या महाशयांनी निकाल दिला, "अरे, घ्यायची तर स्वारॉव्स्की घे, नाहीतर घेऊच नकोस. कचरा घेण्यापेक्षा थांब दोन वर्षं."

झालं! पोराने मोबाईल खिशात टाकला, विषय संपला. आता तो एकतर ते दीड हजाराचं खेळणं घेणार, नाहीतर लाखांतल्या दुर्बिणीची वाट बघत लग्न, होमलोन आणि पोराची अॅडमिशन यांत पक्षी विसरून जाणार. हे दोन्ही सल्ले सारखेच घातक आहेत, आणि आपल्या आयटीतल्या जनतेत या दोनच जमाती जास्त दिसतात: आकडे बघून हुरळणारे आणि ब्रँड बघून हुरळणारे. म्हणून आजचा हा संताप.

आधी माझंच सांगतो. नेरूळला राहायला आलो तेव्हा मीही फोर्टच्या फुटपाथवरून अशीच एक दुर्बीण उचलली होती. लालभडक, माणकासारखी चमकणारी भिंगं. विकणारा म्हणाला, "साहेब, लाल काच म्हणजे मिलिटरी क्वालिटी." वर ऐटीत ३०×६० छापलेलं. ती गळ्यात अडकवून रविवारी सकाळी टी. एस. चाणक्यच्या मागच्या पाणथळीवर गेलो. हजारो फ्लेमिंगो उभे असणार असं ऐकलं होतं, आणि होतेही. पण दुर्बिणीतून मला काय दिसलं? हिरवट धुक्यात थरथरणारे पांढरट ठिपके. नुसत्या डोळ्यांनी दिसणारा गुलाबी रंग दुर्बिणीतून गायब! दहा मिनिटांत डोकं दुखायला लागलं. मला वाटलं, आपलेच डोळे गेले कॉम्प्युटरपायी. दुर्बीण कपाटात गेली आणि पक्षी बघणं दोन वर्षं बंद पडलं.

नंतर कळलं की त्या लाल मुलाम्याचं कामच लाल प्रकाश परत फेकण्याचं असतं. लाल काढून घेतला की उरतं ते हिरवट-निळं चित्र. म्हणजे फ्लेमिंगो बघायला जगातली सगळ्यात चुकीची दुर्बीण मी पैसे देऊन घेतली होती. घरी येऊन फुटपट्टीने पुढचं भिंग मोजलं, ते साठ मिलीमीटर तर सोडाच, तिसाच्याही आत होतं. छापायला काय जातंय?

आता ते आकडे. कोणत्याही दुर्बिणीवर ८×४० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलीमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा: ४० भागिले ८ म्हणजे ५. दुर्बिणीतून बाहेर पडून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ही जाडी, ५ मिलीमीटर. आपली बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलीमीटर असते, अंधारात पाच ते सातपर्यंत उघडते. २०×५० घेतली तर झोत अडीच मिलीमीटरचा. उन्हात चालेल, पण कर्नाळ्याच्या झाडीत किंवा संध्याकाळी सहाला समोर काळोख.

आणि अंधार ही त्यातली लहान अडचण. मोठी अडचण आपला हात. दुर्बीण पक्ष्याला वीस पट मोठं करते तशी हाताच्या थरथरीलाही वीस पट करते. दहा पटीच्या पुढे स्टँडशिवाय काही खरं नाही. शिवाय पट वाढली की सहसा दिसणारा तुकडा आक्रसतो. साधारण ८×४० मध्ये आठ अंशांचा पट्टा दिसतो, म्हणजे एक किलोमीटरवर १४० मीटर रुंद. वीस पटीच्या दुर्बिणीत तीन अंशांच्या आसपास मिळतो, म्हणजे जेमतेम ५२ मीटर. फांदीवरचा पक्षी शोधताना हा फरक जीव काढतो. तुम्ही दुर्बीण फिरवत बसता आणि तोवर पक्षी पनवेलला पोचलेला असतो.

"मग यूट्यूबवर सगळे दहा पटीचीच घ्या का म्हणतात?" असं तो पोरगा विचारेलच. कारण स्वस्त दुर्बिणींची परीक्षणं शोधलीत तर त्यातली ढीगभर अमेरिकन शिकाऱ्यांची निघतात. त्यांचं गणित वेगळं आहे. त्यांना उघड्या माळावर, लांबच्या उतारावर उभं असलेलं हरीण हेरायचंय, तेही पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या प्रकाशात, कारण हरीण तेव्हाच बाहेर पडतं. तिथे दहा पट चालते, वर पानाफुलांचं छापील डिझाईन, अंतर मोजायची सोय वगैरे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने तर परवान्यावरची शिकारही संपली. आपली शिकार म्हणजे सकाळी साडेआठला भरतीच्या पाण्यात एका पायावर उभी. तिला छापील पानांनी फसवायची गरज नाही, आणि त्या छपाईचे जादा पैसे आपण का भरायचे?

पण त्या शिकाऱ्यांची एक गोष्ट मात्र मी मानतो. ती माणसं पट बघून भुलत नाहीत, आधी काच बघतात. चुकीचं हरीण मारलं तर दंड होतो ना! आपल्याकडे पक्षी चुकीचा ओळखला तर कोणी विचारत नाही, म्हणून आपण बेफिकीर. (तसं पाहिलं तर सलीम अलींची सुरुवातही छऱ्याच्या बंदुकीनेच झाली. लहानपणी पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी कोणती म्हणून विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून पुढचा सगळा इतिहास घडला. ओळख पटवण्याची ती खाज महत्त्वाची.)

तर काच. मुलामा नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत जातो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तर एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गळाला. म्हणून चांगला मुलामा हवा. दुकानात ट्यूबलाइटखाली दुर्बीण तिरकी धरून पुढच्या भिंगात बघा. ट्यूबचं प्रतिबिंब पांढरंशुभ्र दिसलं तर मुलामा नाही, फिकट हिरवं-जांभळं दिसलं तर आहे. लाल दिसलं तर सरळ घरी या.

दुसरं, आकार. सरळ दोन नळ्यांच्या दुर्बिणी दिसायला स्मार्ट. खांदे काढलेल्या, मधेच वाकड्या असलेल्या जुन्या घाटाच्या दुर्बिणींना पोरो म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या इग्नात्सिओ पोरो या इटालियनावरून. आजोबांच्या काळातलं ध्यान वाटतं म्हणून लोक नाक मुरडतात, आणि तिथेच फसतात. सरळ नळीतल्या लोलकांना नीट चित्र देण्यासाठी एक खास मुलामा लागतो आणि बनवण्यात कमालीची अचूकता लागते. दोन्ही महाग. पोरोला त्या खास मुलाम्याची गरजच नाही. त्यामुळे दहा हजारांच्या आत तुमचे पैसे दिसण्याऐवजी काचेत जायला हवे असतील तर पोरोच घ्या. ऑलिम्पसची ८×४० डीपीएस किंवा निकॉनची अॅक्युलॉन ८×४२ या त्यातल्या नावाजलेल्या. माझी पहिल्या प्रकारची आहे, सेकंडहँड. घेताना एका बाजूने टॉर्च मारून आत बुरशीचं जाळं नाही ना ते पाहिलं, मग लांबच्या टॉवरवर मिनिटभर रोखून धरली. दोन टॉवर दिसले किंवा डोळे ओढल्यासारखे झाले तर नळ्या एका रेषेत नाहीत असं समजायचं.

तोटे सांगत नाही असं नको. या दुर्बिणी पाऊण किलोच्या आसपास भरतात, मान दुखते. पाणी लागलेलं चालत नाही, म्हणजे जून-जुलैत कर्नाळ्याला तिबोटी खंड्या बघायला जाताना प्लास्टिकची पिशवी हवीच. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत बुरशी हा कायमचा शत्रू, त्यामुळे माझी दुर्बीण घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत झोपते. बायको त्या डब्याला देवघर म्हणते. :) आणि चष्मेवाल्यांनो, म्हणजे निम्म्याहून जास्त वाचकहो, या दोन्हींत डोळा भिंगापासून १२ मिलीमीटरवर असावा लागतो. चष्मा लावून कडा कापलेल्या दिसतात. चष्मा काढून बघायची तयारी नसेल तर थोडे पैसे वाढवून हा आकडा १५ च्या वर असलेली घ्या. सरळ नळीची मी मान्य करतो ती एवढ्याच कारणासाठी.

आता दुसऱ्या महाशयांकडे वळतो. स्वारॉव्स्की उत्तम असते, वाद नाही, एकदा बघितलीय. पण आठ हजारांच्या दुर्बिणीतून रोहित पक्ष्याची चोच दिसते की नाही एवढाच माझा प्रश्न आहे. दिसते. मोठा रोहित असेल तर चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं, लहान रोहित असेल तर जवळजवळ सगळी चोच गर्द लालसर-काळी. नवी मुंबईत जे हजारोंनी येतात ते बहुतेक लहान. मला हा फरक एका मित्राच्या जुन्या पोरोतून, त्याच चाणक्यच्या पाणथळीवर पहिल्यांदा दिसला, दोन वर्षं फुकट घालवल्यानंतर. शेजारी तिथले सिक्युरिटी काका उभे होते, त्यांच्याही हातात दिली. बराच वेळ बघून म्हणाले, "पंधरा वर्षं बघतोय साहेब. मला वाटायचं सगळे एकच." त्यानंतर रविवारी आम्ही पोचायच्या आत त्यांची मोजणी तयार असायची: आज मोठे किती, भरती किती वाजता.

तेव्हा "थांब, पैसे साठव" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. थांबायला पाणथळ जागा थांबणार आहेत का? ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली झालं, २०२२ साली रामसर यादीत गेलं, छानच. पण भरतीला खाडीतला चिखल बुडाला की पक्षी येऊन बसतात ते नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांवर, आणि ती तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर होती. एनआरआय संकुलामागच्या जागेवर गोल्फ कोर्स येणार होता. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला, तर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डीपीएस तळ्यात येणारं भरतीचं पाणी अडलं आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे फ्लेमिंगो मेल्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी २० मेच्या रात्री घाटकोपरला विमानाची धडक बसून एकाच थव्यातले तीसहून जास्त फ्लेमिंगो गेले. एकीकडे शहर 'फ्लेमिंगो सिटी' म्हणून मिरवतं, आणि दुसरीकडे आमच्याच सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक गृहस्थ म्हणतात, "तिथे कसले पक्षी, डासांचं डबकं आहे ते." त्यांना उत्तर द्यायला आकडा लागतो: कोणत्या तारखेला, किती, कोणत्या जातीचे. एशियन वॉटरबर्ड सेन्सस १९८७ पासून दर जानेवारीत हेच करते, तेही हौशी लोकांच्या जिवावर. आमच्या सोसायटीतून पाच जण जातो, दुर्बिणी दोन. एकाने मोजायचं, एकाने लिहायचं, बाकीच्यांनी आपला नंबर यायची वाट बघायची.

आणि हो, "दुर्बीण कशाला, त्या पैशात झूमवाला कॅमेरा घेतो" म्हणणारे. घ्या की. पण कॅमेऱ्यातून पक्षी बघायचा राहतोच, फोटो मिळवायचा असतो. त्यासाठी अजून चार पावलं पुढे, अजून चार पावलं, मग थवा उडतो. मग "वा, फ्लाइट शॉट मिळाला!" पोट भरत असलेल्या पाखराला उगाच उडवलं, हे त्या फोटोत दिसत नाही. दुर्बीणवाला मात्र लांब बांधावरच बसून राहतो. आळशी माणसाचं यंत्र आहे ते, पक्ष्यांच्या भल्याचं.

त्या पोराला मी शेवटी माझीच देऊन टाकली आठवडाभर. सोमवारी येऊन म्हणाला, "दादा, उजव्या डोळ्याने धूसर दिसतं, तुझी खराब आहे." त्याला उजव्या डोळ्याची रिंग कोणी दाखवलीच नव्हती. आधी उजवं भिंग हाताने झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं चित्र स्पष्ट करायचं, मग डावं झाकून फक्त त्या रिंगने उजव्याचं. एकदाच. पुढे मधलं चाक तेवढं फिरवायचं. चष्मा ठेवून बघणार असाल तर डोळ्याकडचं रबर बाहेर दुमडून घ्या. आणि निघण्याआधी भरतीची वेळ बघा. ओहोटीला गेलात तर सगळे फ्लेमिंगो खाडीच्या मधोमध चिखलात असतात, तिथे स्वारॉव्स्कीचंही काही चालत नाही.